पैसे भरलेल्या आईच्या सीटवर फुकटचे साहेब

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे. आज आईला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी चिकलठाण्याहून विमानानं मुंबईला आणलं. पाय वाकत नाय, म्हणून जास्तीचे पैसे भरून पुढची सीट घेतलेली. तिथं एअरलाइनचाच, स्टाफच्या फुकट तिकिटावर निघालेला सुट्टीवरचा कर्मचारी पाय पसरून बसलेला!

एअर होस्टेस म्हणाली, "हे सर आमचे स्टाफ आहेत, तुम्ही मागं ॲडजस्ट करा."

"आई बसल्याशिवाय मी हलणार नाय," म्हणून वाटेतच उभा राहिलो. शेवटी साहेब उठले, पण पुटपुटले, "कशाला आणतात असल्यांना विमानात!"

आईनं ऐकलं. उतरताना म्हणाली, "मी फुकट आले, असं वाटलं व्हय रं त्याला?"