साठ पौंडांचे मामा

निपाणीपासून लोंढ्यापर्यंतच्या पट्ट्यात रानडुक्कर मारायला किती पौंडांचं धनुष्य लागतं हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, आणि ज्याच्या हातून आजवर एक डासही मेलेला नाही, असा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. आम्ही जैन. शिकारीला सरकारने बंदी घातली ती अलीकडे. मामांच्या घरात ती कित्येक पिढ्या आधीपासून लागू आहे. पण मामांना शिकार करायचीच नव्हती. त्यांना फक्त शिकारीच्या तयारीत राहायचं होतं, आणि ते त्या तयारीत वर्षानुवर्षं राहिले.

धनुष्याची दोरी पूर्ण मागे ओढायला जेवढा जोर लागतो तो पौंडांत मोजतात, हे मला मामांकडूनच कळलं. तेही माझ्या लग्नात, अक्षता पडल्या पडल्या. सगळे आशीर्वाद देत होते. मामांनी माझा उजवा खांदा दोन बोटांनी चाचपला, तोंड बारीक केलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पर पंचवीसच्या वर जायचा न्हाई." सासरे बिचारे माझ्या पगाराबद्दल चाललंय असं समजून कावरेबावरे झाले. पुढे मी पाहिलं की मामांच्या जगात माणसांची वर्गवारी अशीच होते. तलाठी तीस पौंडांचा, शाळेचे हेडमास्तर अठ्ठावीसचे, भाजीवाली आक्का मात्र सहज पंचेचाळीस. भाचीला स्थळ आलं तर मुलाचं शिक्षण, घर, शेती सगळे विचारतात. मामा मुलाला पाण्याची घागर उचलायला लावतात. एक स्थळ त्यातच मोडलं. मुलाच्या वडिलांना वाटलं, सून आणायच्या आधीच आपल्याकडून घरकाम करून घेताहेत.

घरी तंबाखूचा व्यापार. वखारीतला पोती मोजायचा ताणकाटा मामांनी कधीच धनुष्याला लावून टाकला होता. काट्याच्या आकड्यात दोरी अडकवायची, धनुष्य खाली ओढायचं, किलोचे पौंड करायचे आणि समाधानाने मान हलवायची. तंबाखू घ्यायला आलेला व्यापारी ताटकळत उभा. "पोतं किती भरलं आप्पा?" असं त्याने विचारलं की मामा म्हणत, "साठ." "किलो?" "पौंड!" आणि मग त्या माणसाला चहा आणि व्याख्यान दोन्ही मिळायचं. हरणाला चाळीस चालतात, डुकराची कातडी जाड म्हणून साठ पाहिजेत, साठच्या खाली म्हणजे डुकराला नुसता नमस्कार घातल्यासारखं! व्यापारी दोन्ही हात जोडून "व्हय, व्हय" म्हणत भाव न ठरवताच निघून जाई.

परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ ते रोज बघत, पण त्यांच्या पद्धतीने. शिकारी रानात शिरतो, दबा धरतो, दोरी ओढतो, इथवर मामा श्वास रोखून मोबाइलमध्ये शिरलेले असत. बाण सुटला रे सुटला की फोन पालथा. "पुढचं आपल्याला काय करायचंय?" असं म्हणून ते उठत. त्यामुळे मामांनी शेकडो शिकारी पाहिल्या आणि त्यांतलं एकही जनावर मेलेलं पाहिलं नाही. सगळी पळून गेली असावीत, असंच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

सराव वखारीमागे. उसाची चिपाडं ठासून भरलेलं एक पोतं भिंतीला टेकवलेलं. पहिला बाण मारण्याआधी मामा मऊ केरसुणीने पोत्यावरच्या मुंग्या झाडायचे, मग पोत्यावर टिचक्या मारून पालींना आणि झुरळांना विनंती करायचे, "या रं, बाहेर या सगळी." सगळी बाहेर येईपर्यंत कधी कधी सूर्य मावळायला यायचा आणि जेवायची वेळ व्हायची. सूर्यास्तानंतर घास नाही, त्यामुळे त्या दिवशी बाणही नाही. एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी पोत्यावर कोळशाने डुक्कर काढलं. मामींनी ते पाहिलं आणि पदर खोचला. "अवो, पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागतं म्हणत्यात. हे काय काढलंय?" मामांनी डुक्कर पुसून घाईघाईने गोल बटाटा काढला. मामी आणखी भडकल्या. "डुकरात एक जीव असतोय, बटाट्यात अनंत! एका बाणात किती मारणार हायसा?" तेव्हापासून पोतं कोरं आहे. मामा कोऱ्या पोत्यावर नेम धरतात, आणि तो कुठे लागायला हवा होता हे बाण लागल्यावर ठरवतात.

आता मुख्य अडचण सांगतो. मामांना ते साठ पौंड ओढता येत नव्हते. खरं तर कधीच आले नव्हते. मामा धनुष्य आधी आभाळाकडे रोखायचे, डावा पाय किंचित उचलायचे, चेहरा जांभळा व्हायचा, शर्टाचं एखादं बटण तटकन उडायचं आणि नळावर आलेल्या बाया घागरी सोडून बघायला यायच्या. बाण सुटायचा तो मामांनी सोडला म्हणून नाही, धरवेना म्हणून. शेजारचा उसाचा मळा तुटला की पोतंभर बाण परत यायचे. "चाळीसचं घ्या की," असं मी एकदा म्हणालो. मामांनी माझ्या पंचवीस पौंडांच्या खांद्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. शेवटी खांदाच बोलू लागला. बेळगावच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "आप्पा, एक तर धनुष्याचे पौंड कमी करा, नाहीतर ते कायमचं खाली ठेवा. असंच चाललं तर शर्ट चढवायलासुद्धा माणूस लागेल." बाहेर आल्यावर मामा खासबागेतल्या माझ्या घरापर्यंत रिक्षात खांदा चोळत बसले. मग म्हणाले, "पाव्हणं, डॉक्टर किती पौंडांचा असंल? बावीस?"

अशात लोंढ्याच्या अलीकडे, रानाच्या कडेला, एका हौशी रिसॉर्टवाल्याने धनुर्धरांचा मेळावा भरवला. झाडांमध्ये फोमची जनावरं उभी करायची आणि त्यांवर बाण मारायचे. मामांना बोलावणं आलं. मामी हट्टाने बरोबर आल्या, डब्यात दशम्या आणि डोळ्यांत संशय घेऊन. मामांच्या वाट्याला हरीण आलं. फार सुबक होतं हो ते. मान वळवून आमच्याकडेच बघत होतं. मामांनी साठ पौंडांचं धनुष्य आभाळाला लावलं, पाय उचलला, दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. पुढे जाईना, मागे येईना. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मग धनुष्य एकदम खाली आलं आणि बाण त्यांच्याच चपलेपाशी पडला. आणि मागून मामींचा आवाज आला, "सोडलं! हरणाला सोडलं बघा त्यांनी!"

झालं. रिसॉर्टवाल्याने माइक धरला. अहिंसा, करुणा, धनुष्य हाती घेऊनही दया न सोडणारा महात्मा असं काय काय तो बोलला, टाळ्या थांबेनात, आणि जेवणानंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार जाहीर झाला. मामी पदराने डोळे टिपत होत्या. आयुष्यभर त्या धनुष्याला त्यांनी शिव्या घातल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांनी ते स्वतः उचलून नीट झाडाला टेकवून ठेवलं. जेवताना मामांचा हात तोंडापर्यंत जाईना. त्यांनी मला फणसाच्या झाडामागे ओढलं.

"पाव्हणं, खांदा अडकलाय."

"मग सांगून टाकू या."

"तिचं तोंड बघितलासा का? लगीन झाल्यापास्नं असं बघितलं न्हवतं तिनं माझ्याकडं." मामा खाली बसले. "आन् खोटं बोलून शाल घेऊ? साठ पौंडांपायी एवढं?"

सत्काराच्या वेळी शाल खांद्यावर पडायच्या आत मामांनी माइक मागितला. "मी हरणाला सोडलं न्हाई," ते म्हणाले. "मला वडायलाच आलं न्हाई. धनुष्य जड हाय आन् मी म्हातारा हाय." लोक आधी हसले, मग एकमेकांकडे पाहू लागले. मी मामींकडे पाहायचं टाळलं. त्या परतीच्या वाटेवर निपाणी येईपर्यंत दशम्यांचा डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस धनुष्य या विषयावर त्या घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

मेळाव्यात शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मात्र मामांना सोडलं नाही. खांदा बरा होऊ दिला, मग अगदी हलक्या धनुष्यापासून सुरुवात करून हळूहळू त्यांना पस्तीस पौंडांवर आणलं. आभाळाकडे बघायचं नाही, पाय उचलायचा नाही. खुर्चीवर बसून सरळ ओढायचं, धरायचं आणि न सोडता सावकाश परत आणायचं. "आप्पा, ओढता आलं म्हणजे झेपलं असं नव्हे," बाई म्हणायच्या. "परत आणता आलं की ते वजन आपलं." मामांनी हे मला फोनवर इतक्या वेळा ऐकवलं की शोध त्यांनीच लावला असावा असं वाटावं. साठची भाषा बंद झाली. पस्तीसही हरणाला पुरतात, नेम चांगला हवा, असं ते व्यापाऱ्यांना सांगू लागले. व्यापारी तरीही भाव न ठरवताच जात.

पुढच्या मेळाव्याला आम्ही पुन्हा गेलो. मामीही आल्या, मागे खुर्ची टाकून बसल्या. तेच हरीण, तीच वळवलेली मान. मामा उभे राहिले आणि दोरी ओढली. ना आभाळ, ना जांभळा चेहरा, बटणं जागच्या जागी. हात गालाशी येऊन टेकला आणि तिथे स्थिर राहिला. बाणाचं टोक हरणाच्या छातीवर असं रोखलेलं होतं की माझ्यासारख्यालाही कळलं, हा चुकणार नाही. मामा बराच वेळ बघत राहिले. मग दोरी हळूहळू, अगदी सावकाश परत आणली, बाण काढला आणि भात्यात ठेवून दिला.

"अरेरे, आप्पांचं परत अडकलं वाटतं!" कुणीतरी म्हणालं. रिसॉर्टवाला खुर्ची घेऊन धावला, दुसऱ्याने पाणी आणलं, तिसरा खांद्याला लावायचं मलम शोधू लागला. लोक वयाबद्दल हळहळले. मला राहवेना. मी माइककडे निघालो, तर मामांनी माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट धरलं. तेवढ्यात मामी उठून जवळ आल्या होत्या. त्यांनी पाणी आणणाऱ्याला बाजूला सारलं आणि फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "अडकलं न्हाई. आपणहून परत आणलासा."

"व्हय," मामा म्हणाले. मग मला म्हणाले, "राहू द्या पाव्हणं. हिला कळलं, बास झालं."

यंदा वयाकडे बघून बाईंनी त्यांना तिसावर आणलंय. पुढच्या वर्षी आणखी खाली यावं लागेल, हे मामा स्वतःच सांगतात, आणि सांगताना हसतात. मला ते हसणं सोसत नाही. परवा निपाणीला गेलो तेव्हा ते वखारीमागे उभे होते. मामी दारात खुर्ची टाकून बघत होत्या. मी म्हटलं, "मामा, वजन असंच कमी होत गेलं तर शेवटी काय ओढणार?" त्यांनी थोडा विचार केला. "मग नुसतं धरून हुबा ऱ्हाईन की," ते म्हणाले. मामींनी आपली खुर्ची उचलली आणि मामांच्या जरा आणखी जवळ नेऊन ठेवली.