सोडावंच लागतं

सांगलीच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते, म्हणजे बऱ्याचदा रिकाम्या बाकांपुढे बोलते. त्यातही शक्यता आणि अनिवार्यता यांचं तर्कशास्त्र आलं की उरलेसुरलेही पेंगायला लागतात. फळ्यावर अनिवार्यतेसाठी चौकोन काढायचा आणि शक्यतेसाठी कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. मुली त्याला शंकरपाळी म्हणतात. म्हणू देत, निदान तेवढं तरी लक्षात राहतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून घोकून घेते. अनिवार्य ते, जे कल्पना करता येईल अशा प्रत्येक जगात खरं असतं. एका जगात जरी खोटं ठरलं तरी चौकोन पुसायचा. आजवर सगळ्यांनी केलं, यावरून ते करता येतं एवढंच कळतं. करावंच लागतं, हे त्यातून निघत नाही.

मग वडील गेले. कोरेगावजवळ आमचा ऊस आहे. बाप गेला की आमच्याकडे बहिणीनं हक्कसोड करायची, म्हणजे आपला वाटा भावाला सोडल्याची सही द्यायची, साडीचोळी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं. धाकट्या भावानं मला विचारलं नाही. फोन करून नुसता वार सांगितला.

“ताई, शुक्रवारी ये. सही हाय तुजी.”

“नाही केली तर?”

तो हसला. त्याला थट्टाच वाटली. मग आईनं फोन घेतला. “अगं, तुज्या आत्यांनी सोडलं, मी माज्या भावाला सोडलं. सोडावंच लागतं.”

“तुम्ही सोडलंत म्हणून सोडावंच लागतं, असं होत नाही, आई.”

“कालिजातलं कालिजात ठेव,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गेले नाही. मला जमीन हवी होती. कशाला हवी, असं अख्ख्या भावकीनं विचारलं. भावाला कशाला हवी, हे एकानंही विचारलं नाही. त्याच उसाचं पाचट काढताना माझेही हात चिरले होते, पण ते कुणाच्या ध्यानात असणार? अजूनही आठवलं की डोकं तापतं.

भाऊबीजेला तरीही गेले. वाटाही राहील आणि माहेरही राहील, हे शक्य आहे का, एवढंच मला बघायचं होतं. भाऊ मान खाली घालून पाटावर बसला. मी निरांजन लावलं, तेवढ्यात शेजारची काकू दारात आली.

“लेक आली व्हय? सही झाली न्हवं?”

“कवाच,” आई म्हणाली. “माजी लेक सोडल्याबिगर ऱ्हाईल व्हय? आमच्यात सोडत्यातच.”

मी आईकडे बघितलं. ती काकूसाठी ताटलीत शंकरपाळ्या काढत होती. तिनं नजर उचलली नाही. एक अपवाद पुरतो, असं मी वर्गात ठासून सांगते. तो अपवाद पोटची पोर होऊन समोर उभा असताना आईच असा अपवाद नाहीच म्हणाली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

काकू ताटली घेऊन गेली. तिची पाठ फिरताच भाऊ पाटावरून उठला, चपला घातल्या आणि मळ्याकडे निघून गेला. पेटलेल्या निरांजनाचं ताट अजून माझ्या हातात होतं.