न टाकलेली वायर

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो, असा माझा लौकिक आहे. अशा सदरांतले अनुभव वाचून तर मी हसायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण लिहितो.

संभाजीनगरातल्या एका मोठ्या दवाखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. आधी आम्ही दोघं होतो — मी आणि नदीमभाई. ते हर्सूलचे, वयानं मोठे. माझं गाव देवगाव रंगारी, म्हणून मला नावानं कधी हाक नाही, कायम 'देवगाव'.

दवाखान्याच्या दोन इमारती. जुनीत मुख्य स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी, नवीत त्याचा जोडीदार. मुख्य बंद पडला तर जोडीदारानं कारभार घ्यायचा. पण दोघांमधली केबलच तुटली तर? जोडीदाराला वाटतं मुख्य गेला, आणि मुख्य तर जिवंत असतो. मग दोघंही मालक होऊन बसतात आणि सगळं नेटवर्क बोंबलतं. त्यासाठी वेगळ्या वाटेनं एक साधी वायर टाकतात. 'मी आहे' एवढाच निरोप तिच्यावरून जातो. कारभार घेतलेल्या जोडीदाराचा तो निरोप मिळाला की जुन्या मुख्यानं आपले पोर्ट, म्हणजे केबल लावायची तोंडं, बंद करून गप्प बसायचं, म्हणजे दुसऱ्याला काम करता येतं.

आमची रीतही तशीच. स्विचच्या खोल्यांत मोबाइलला रेंज नाही, म्हणून कशालाही हात लावायच्या आधी इंटरकॉमवर दुसऱ्या खोलीत विचारायचं; त्याची लाइन वेगळी. "है क्या, देवगाव?" — "हाय, भाई." बस, एवढंच.

ती वायर नदीमभाईंनी आणून ठेवली होती, सेटिंगही करून ठेवलं होतं. दोन इमारतींमधल्या पुलावरून ती न्यायची परवानगी तेवढी अडकली होती. ती यायच्या आत तेच गेले. हार्ट अटॅक... सकाळी कामावर निघताना, गाडीला किक मारता मारता. हर्सूलला जाऊन माती देऊन आलो. त्यांची खुर्ची मी कुणाला हलवू दिली नाही. फार एकटं वाटायचं, अजून वाटतं.

मग एका दुपारी ड्रेनेजसाठी दोन इमारतींच्या मध्ये जेसीबी लागला. दोन्ही स्विचना जोडणाऱ्या आमच्या दोन्ही केबल एकाच पाइपातून गेलेल्या, एका फटक्यात तुटल्या. मी नव्या इमारतीतल्या स्विचच्या खोलीत होतो. पहिला फोन ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरचा.

"दादा, ब्लड बँकेचं काहीच उघडंना. माणूस पळवला तर तिथलंबी बंद हाय. बाळंतीण टेबलावर हाय, लई रक्त चाललंय."

काय झालंय ते मला लगेच कळलं, दोन्ही स्विच मालक होऊन बसले होते. जुना स्विच हातानं बंद करायचा, एवढाच उपाय. आणि तो जेसीबीनं खणलेल्या चराच्या पलीकडं, कुलपाच्या आत. किल्ली माझ्याच खिशात. दारापर्यंत पोचलो तोच इंटरकॉम वाजला. सिस्टरच असणार म्हणून मागं फिरून उचलला.

"है क्या, देवगाव?"

तोंडातून सवयीनं गेलं, "हाय, भाई."

"फिर तू चला. मैं चुप बैठता."

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला. मी रिसीव्हर ठेवला आणि किल्ली काढून दाराकडं धावलो. उंबऱ्यापाशी होतो तोच इंटरकॉम पुन्हा वाजला, आता सिस्टर होती. "चालू झालं, दादा. पिशव्या निघाल्या तिथनं."

बाई वाचली.

जुन्या खोलीला कुलूप तसंच होतं. आत स्विच चालू, पण पोर्ट सगळे त्यानं स्वतःच बंद केलेले. वायर नसताना त्याला कळलं कसं? ती तर कपाटात, न फोडलेल्या पाकिटात. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, सॉफ्टवेअरची गडबड असेल. असेल. फोनचं मी त्याला सांगितलं नाही. मला भास झाला असेल, तेही कबूल... पण भासानं पोर्ट बंद होत नाहीत. याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

परवानगी मग लगेच आली. पाकीट मीच फोडलं, पुलावरून वायर मीच ओढली. जुन्या खोलीतलं टोक लावलं, नव्या खोलीतलं लावायला मात्र हात धजेना. हे लागलं की पुढच्या वेळी निरोप वायरवरूनच जाणार. नदीमभाईंनी मला फोन करायचं कारणच उरणार नाही. पण खाली वॉर्डांत माणसांचे जीव असतात, न लावून कसं चालेल?

लावलं. हिरवा दिवा लागला. मग मी इंटरकॉम उचलून जुन्या खोलीचा नंबर फिरवला. बराच वेळ नुसता वाजत राहिला.