रघूशेटसाठी घातलेलं गाऱ्हाणं

हसू येणार असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता.

माणसाने फजिती करून घ्यायचीच असेल तर घरच्या घरी करावी, चार भिंतींच्या आत. मी केली ती देवळात, भर सोमवारी, आणि कर्ण्यावर!

घटकराज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमचा गाव पेडण्यात, मोपाच्या सड्याखाली, म्हणजे पठाराच्या पायथ्याशी. तिथला विमानतळ त्या काळी फक्त भाषणांत उतरायचा. गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळा होती आणि तिच्यात मुलं इतकी कमी, की बाई हजेरी घ्यायच्याच नाहीत, नुसती मान वर करून बघायच्या. पुढच्या जूनला ही शाळा बंद करणार अशी कुणकुण लागली. झालं! गावाने शाळा बचाव समिती काढली आणि मला अध्यक्ष केलं.

मलाच का? हुशारीसाठी नव्हे हो. आवाजासाठी! जत्रेच्या नाटकात राक्षसाचं काम कायम माझ्याकडे.

तेवढ्यात निवडणूक आली आणि आमचे रघूशेट उभे राहिले. काजूचे व्यापारी. बोलणं असं गोड की समोरच्याने आपला काजू आपण होऊनच स्वस्तात द्यावा. समिती त्यांच्याकडे गेली, तर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"म्हजी शाळा ती! हांव थंयच शिकलंय. बंद कशी पडता ती बगतंय!"

डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. माझ्याही आलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर.

आता रघूशेटची भाषणं ऐका. आमच्या देवळाकडच्या वाड्यावर म्हणाले, "निवडून आलो की प्रत्येक शाळेत सरस्वतीची मूर्ती, रोज सकाळी आरती, आणि शिक्षण मराठीतच!" टाळ्या. तिथून जीप गेली कपेलाकडच्या, म्हणजे छोट्या चर्चकडच्या, ख्रिस्ती वाड्यावर. तिथे पास्कू पदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, अंगणात बसून, त्याच्या भट्टीतली गरम पोळी (कोंड्याचा पाव हो, चपाती नव्हे) मोडत म्हणाले, "शाळा म्हळ्यार शाळा! थंय खंयच्याच देवाचें काम ना. आनी इंग्लीश शाळांक सरकारान पयशे दिवंकूच जाय!" टाळ्या. संध्याकाळी बाजारात कोकणीवाली तरुण पोरं जमली होती. तिथे म्हणाले, "पयली ते चवथी, फकत कोंकणी!" पुन्हा टाळ्या!

तुम्ही म्हणाल, तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला! उलट मला भरून आलं. म्हटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे, कुणालाच नाही म्हणत नाही.

मतदानाच्या आधीच्या सोमवारी रवळनाथाच्या देवळात शेटचं गाऱ्हाणं घालायचं ठरलं. म्हणजे देवापुढे नारळ-विडा ठेवायचा, एकाने मोठ्याने देवाला सगळं सांगून मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. गाऱ्हाणं घालणार आमचे आपाकाका, गावातले सर्वांत जुने गावकर. मी मुलीला म्हापशाच्या बसवर बसवून धावतपळत देवळात पोचलो, तर आपाकाकांचा घसा साफ बसलेला. शब्द फुटेना!

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. राक्षसाचा आवाज कधीतरी देवाच्या कामी यायचाच होता.

आपाकाका मला जवळ ओढून कानात कुजबुजले, "बाबा, एक ध्यानात दवर. गाऱ्हाण्यात काय एक लिपवचा न्हय. देवाक अर्दा सांगल्यार देव अर्दाच करता."

हे एवढंच वाक्य मला नडलं, बरं का.

कर्णा देवळाच्या माडीवर बांधला होता, तोंड कपेलाकडे. शेट डोळे मिटून, हात जोडून माझ्या शेजारी उभे. मी छाती भरून सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! हो तुजो लेकरू रघूशेट आज तुज्या पायांकडे आयलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेणां आमच्या वाड्यार सांगल्यान, दर शाळेत सरस्वतीची मूर्ती आनी सकाळची आरती करतलंय म्हूण. तां खरां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी कपेलाकडे सांगल्यान, शाळेत खंयच्याच देवाक पाय दवरूंक दिवचंय ना म्हूण. तांय खरां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बघा, गाऱ्हाण्यात कोणी ऐकत नसतं. लय एकदा लागली की माणसं आपोआप व्हय म्हणतात. मतदानालाही तसंच करतात, पण तो विषय वेगळा.

शेटनी मात्र ऐकलं! खाडकन डोळे उघडले आणि माझ्या कोपराला ढोसलं. मला वाटलं, काहीतरी राहिलं. खरंच की, भाषेचं राहिलं!

"आनी भाशेचां! हंय सांगल्यान मराठी, पलीकडे सांगल्यान इंग्लिश शाळांक पयसे, बाजारात सांगल्यान फकत कोंकणी. तिनूय एकदम खरां कर रे म्हाराजा!"

"व्हय... म्हाराजा?"

पहिल्यांदाच त्या व्हयला प्रश्नचिन्ह लागलं. शेटनी माझा सदरा मागून ओढला. मी म्हटलं, माणूस गहिवरलाय, आधार शोधतोय. म्हणून मी त्यांचा हात घट्ट धरला आणि आणखी मोठ्याने म्हणालो, "हेच्या पोटात काय एक लिपलेलां ना रे म्हाराजा!"

या वेळी व्हय आलाच नाही. आणि तेवढ्यात बाहेरून पों पों असा भोंगा वाजला. फाटकापाशी पास्कू पदेर, पावांची टोपली लादलेली सायकल धरून उभा!

"शेट," तो म्हणाला, "म्हजी पोळी खाता खाता तूं सांगतालो, शाळेंत देव नाका. आनी हांगा आरती?"

आमच्या बाजूने सुभद्रामावशी पुढे आली. देवळाचे हार तीच करते. "रे रघू, देव शाळेत येतलो काय ना, तां एकदां नक्की सांग. म्हाका फुलां सांगूक बरीं."

केवढा घोळ घातला मी! हा माणूस पडला तर आमची शाळा गेली, आणि पाडणारा कोण? शाळा बचाव समितीचा अध्यक्ष!

पण रघूशेट म्हणजे रघूशेट. त्यांनी माझ्या हातातला माईक शांतपणे घेतला.

"बंधू-भगिनींनो! इतर उमेदवार देवापासून लपवतात. मी सगळं देवापुढे मांडलं! अहो, देव सर्वत्र आहे. जो सर्वत्र आहे, त्याला शाळेत आणणारा मी कोण? आणि शाळेतून काढणारा तरी मी कोण?"

काय टाळ्या पडल्या! पास्कूनेसुद्धा मान डोलावली. मी नंतर त्याला विचारलं, तुला काय कळलं? तर म्हणाला, "कळूंक कांयच ना. पूण सांगलें बरें."

आणि रघूशेट निवडून आले. दणदणीत!

समिती हार घेऊन गेली. मी हळूच म्हटलं, "शेट, आमची शाळा?"

हार गळ्यात घालून घेत ते म्हणाले, "अरे, शाळा चलोवपी हांव कोण आनी बंद करपी हांव कोण? पोरां नासल्यार सरकार तरी काय करतला? पोरां हाडा मरे!" म्हणजे मुलं आणायची तीही आम्हीच!

असा संताप आला मला! काजूच्या गोण्यांवर बसलेल्या त्या माणसाला म्हणावंसं वाटलं, डोळ्यांतलं ते पाणी कुठल्या वाड्यासाठी होतं? पण राक्षसाचा आवाज ऐन वेळी आत गेला.

पुढच्या सोमवारी विजयाचं गाऱ्हाणं. आपाकाकांचा घसा आता खणखणीत. त्यांचे दोन्ही हात नारळ-विड्यात अडकलेले, म्हणून माईक त्यांच्या तोंडापुढे धरून मी उभा. बायकांच्या घोळक्यात माझी बायकोही होती.

"बा देवा म्हाराजा! रघूशेट आमदार झालो, तेका सुखी दवर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शाळेत देव आयलो ना, शाळेतलो देव गेलो ना, आता शाळाच वतली म्हणटत. ती राखून दवर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आपाकाकांनी माझ्याकडे एक तिरकी नजर टाकली.

"आनी हो शाळा बचाव समितीचो अध्यक्ष! दर सकाळी आपल्या चेडवाक म्हापशाच्या इंग्लिश शाळेच्या बशीत चडयता, आनी मागीर घसो ताणून गावची शाळा वाचयता! तेका बुदी दी, आनी येत्या जूनात तेचा चेडू गावच्या शाळेत बसंदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!!"

देवळाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. शेट जिंकले त्यालाही एवढा मोठा व्हय मिळाला नव्हता. आणि त्या सगळ्या आवाजांत एक आवाज सर्वांच्या वर, पार कपेलापर्यंत गेलेला.

माझा! माईक माझ्याच हातात, लय लागलेली, आपोआप म्हणून गेलो!

देवापुढे शब्द गेला तो गेला. जूनमध्ये मुलगी गावच्या शाळेत बसली. तिच्यामागोमाग लाजेकाजेने आणखी काही जणांनी आपली मुलं आणली आणि शाळा राहिली. बायको मात्र महिनाभर माझ्याशी फक्त भांड्यांतून बोलत होती.

पण ते नंतरचं. त्या दिवशी देवळातून बाहेर पडताना मी खाली मान घालून चपला शोधत होतो, तर मागून खांद्यावर हात पडला. नवे आमदार!

"अध्यक्षानू," रघूशेट अगदी मनापासून म्हणाले, "फुडल्या इलेक्शनाक तुमीच उबे रवा. आवाज तुमचो बरो, आनी तोंडां दोन आसतच!"