पत्र्याखालची टेस्ट लॅब

लातूरच्या एका क्लासमध्ये मी सर्व्हर सांभाळायचो. सराव परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरल्या तेव्हा हजारो पोरं एकाच वेळी पेपर उघडणार होती. आमचा सर्व्हर तेवढा भार पेलेल का, हे आधी मोजून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी चुकलो असतो तर पोरांचे पेपर मध्येच अडकले असते.

टेस्ट लॅब मी क्लासच्या मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडली. एक सर्व्हर, त्याच्यावर खोटी गर्दी सोडणारी दोन मशिनं, मध्ये त्यांना जोडणारा स्वतंत्र स्विच. ऑफिसचं नेटवर्क त्यात मिसळू दिलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक मोजणी तीनदा करायची. या बाबतीत मी हट्टी आहे, आणि थोडा गर्विष्ठही.

तरी आकडे जुळेनात. सकाळी सुसाट चालणारा सर्व्हर दुपारी धापा टाकायचा. मी केबली बदलल्या, स्विच बदलला, सर्व्हर बनवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

शेवटी क्लासचे सर आले. फिजिक्स शिकवणारा माणूस. आत पाऊल टाकताच त्यांनी घाम पुसला.

"सगळं एकसारखं ठेवलंय म्हणता, अन् हे ऊन? मशिन तापून मंदावायलंय हो. आतली स्लॅबची खोली रिकामी हाय, तिथं का न्हाई मांडलं?"

"इथं हवा खेळती राहते," मी म्हणालो, आणि माझीच मला लाज वाटली.

मग खरं सांगितलं. मी किल्लारीकडचा. भूकंपात आमचं दगडमातीचं घर बसलं, दार अडलं, आणि आतली धाकटी बहीण आम्हाला काढता आली नाही. तेव्हापासून आई पक्क्या घरात झोपत नाही, अंगणात पत्र्याखाली झोपते. मीही कुठं बसायचं तर आधी वर बघतो. लॅबची जागा तशीच निवडली होती, आणि कारण स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सर सरळ सर्व्हरपाशी गेले. सर्व्हरची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्लॅबखाली बसून मोजणी केली. दर थोड्या वेळानं वर बघत होतो. सर दारात खुर्ची टाकून पेपर तपासत बसले. तिन्ही वेळा आकडा सकाळइतकाच आला.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, आज दिवसभर स्लॅबखाली बसलो.

"दार उघडं होतं ना रं?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "सर दारातच बसले होते."