कसंतरी म्हणजे कसं?

शोभा गेल्याचं मला तिच्या यजमानांनी सांगितलं. गजभिये भाऊजी एरवी फोनवर जयभीम झाला की आधी ऊन-पावसाचं बोलणार, मग मुद्द्यावर येणार. त्या दुपारी एकदम म्हणाले, "मॅडम, शोभा गेली जी." मी विचारलं, "कुठे गेली?" नर्सिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी डबा उघडून बसले होते. समोरची खुर्ची तिची, रिकामी. सुट्टी घेऊन गावाला गेली असेल, जाताना मला सांगितलं नाही म्हणून थोडी रुसलेही... 'गेली' या शब्दाचा दुसरा अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला.  मी डबा बंद केला आणि ऑटो शोधायला बाहेर पडले.

शोभा नरखेड तालुक्यातली. आई संत्र्याच्या बागांमध्ये मजुरी करायची. एकदा संत्र्यांचा तोडा चालू असताना आई झाडाखाली बसली आणि म्हणाली, "कसंतरी होऊन राहिलं वं पोरी." बायांनी तिला लिंबूपाणी दिलं, पदराने वारा घातला, ऊन लागलं असन म्हणाल्या. एसटी येईपर्यंत सगळं संपलं होतं. शोभा नर्स झाली, पुढे आमच्या कॉलेजात शिकवायला लागली, पण ते वाक्य तिने सोडलं नाही. आम्ही बाकीच्या मास्तरणी रबरी पुतळ्यावर शिकवायचो. ही बया प्रात्यक्षिकाच्या खोलीत स्वतः खाटेवर आडवी व्हायची, डोळे मिटायची आणि कण्हत म्हणायची, "कसंतरी होऊन राहिलं वं..." आणि गप्प. पोरी गोंधळायच्या. "मावशी, छातीत दुखते का?" ही मान हलवायची, नाही. "हात दुखते?" नाही. "पोट?" नाही. अख्खा तास गेला तरी चालेल, ही हूं की चूं करायची नाही. शेवटी एखादी पोट्टी वैतागून विचारायची, "मावशी, कसंतरी म्हणजे कसं?" मग मात्र ही भडाभडा सांगायची. जबडा आवळून राहिला, पाठीवर कोणी पोतं ठेवलं असं वाटते, गार घाम येऊन राहिला, जीव लागत नाही. आणि उठून बसत त्या पोरीचा गालगुच्चा घ्यायची. "आता वाचवली माह्या मायले तू. लक्षात ठेव, आपल्या बाया छातीत दुखते असं म्हणतच नाहीत. त्या कसंतरी म्हणतात. लाव आता ईसीजी."

इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने आमच्या कॉलेजाबरोबर मोबाइलवरचे धडे तयार करायचं ठरवलं, तेव्हा शोभा इतकी हरखली होती की काय सांगू! लहान दवाखान्यांतल्या नर्सेसनी घरबसल्या शिकायचं, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळवायचं. आफ्रिकेतलं एक कॉलेजही त्यात होतं. हृदयविकाराचा धडा अर्थातच शोभाकडे आला. सक्करदऱ्याच्या तिच्या घरी मागच्या खोलीत आम्ही खिडक्यांना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि घामाने निथळत तिचा आवाज रेकॉर्ड केला. तरी शेजारच्या कुकरची शिट्टी त्यात आलीच. तिकडच्या हेलनबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, हा आवाज कसला? शोभा शांतपणे म्हणाली, "वरणाचा." मी भाषांतर करता करता खुर्चीतून पडायची राहिले. हेलनबाई चांगल्या होत्या हो. खाटेवरच्या नाटकाचं शूटिंग पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पण प्रकल्पाला एक समिती होती आणि समितीचा एक नियम होता. मराठी धडा तिसऱ्याच कोणाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा आणि मूळ इंग्रजीशी ताडून पाहायचा. तिन्ही देशांत धडा शब्दाला शब्द एकसारखा हवा. तर त्या कोण्या विद्वानाने 'कसंतरी होऊन राहिलं' याचं भाषांतर काय केलं असेल? 'समहाऊ इट इज हॅपनिंग.' कसंतरी, म्हणजे समहाऊ! मी कपाळावर हात मारला. समितीने विचारलं, काय हॅपन होतंय आणि समहाऊ म्हणजे नेमकं कसं? शोभा खुर्चीवरून अर्धी उठून ओरडली, "हेच! हेच तर विचारायचं आहे न त्या पोरीनं!" कोणाला कळलं नाही. वाक्य लक्षणांच्या यादीत बसत नाही, प्रमाण मराठीत नाही, काढून टाका असं ठरलं. तिने महिनोन्महिने मेल लिहिले, भांडली, रडली. प्राचार्यांनी समजावलं, "मॅडम, एका शब्दासाठी प्रकल्प अडवता का?" शेवटी तिने हात टेकले. चांगल्या स्टुडिओत नव्याने रेकॉर्डिंग झालं. छातीत दुखणे, वेदना डाव्या हातात जाणे, दरदरून घाम येणे. आवाज तिचाच, स्वच्छ, शिट्टीबिट्टी काही नाही. परतताना ऑटोत मला म्हणाली, "मायले दुसऱ्यांदा मारलं मी." मी तिला रागावले, असं बह्याडासारखं, वेडंवाकडं बोलू नको म्हटलं.

ती गेली त्या सकाळी चहा ठेवता ठेवता तिने भाऊजींना सांगितलं, कसंतरी होऊन राहिलं. भाऊजी तिला जवळच्याच लहान दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर यायचे होते. ड्युटीवरच्या कोवळ्या नर्सलाही ती तेच म्हणाली, "कसंतरी होऊन राहिलं वं..." नर्सने विचारलं, छातीत दुखते का? शोभाने मान हलवली, नाही. हात दुखते का? नाही. घाम? कपाळ तिने पदराने नुकतंच पुसलं होतं. मग ॲसिडिटी असन मावशी, पडून राहा, म्हणून पोरीने गोळी दिली. भाऊजी मला सांगत होते, "मॅडम, ती त्या पोरीकडे अशी पाहून राहिली होती... जशी कशाची तरी वाट पाहते." डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता.

इतकी वर्षं ज्या बाईने हाच आजार शिकवला, तिने 'ईसीजी काढ' असं का म्हटलं नाही? मी रात्रंदिवस हाच विचार करते. बोलायची ताकद नव्हती? की आजारी माणूस आजारीच असतो, तिथे नर्स-मास्तरीण काही उरत नाही? की ती सवयीने थांबली होती? पोरगी विचारेल म्हणून? बाई, शेवटच्या वेळी तरी कायले शिकवत बसलीस गं!

पुण्यानुमोदनाला, शोभासाठी घरी ठेवलेल्या बुद्धवंदनेला, ती नर्स आली. दाराशीच उभी होती, आत यायची हिंमत होत नव्हती. मी तिला घेऊन मागच्या खोलीत बसले. खिडक्यांना गोधड्या अजून तशाच. ती हुंदके देत म्हणाली, "मॅडम, मी तो मोबाइलवरचा कोर्स केला होता. पहिल्या श्रेणीत पास झाली मी. धड्यात होतं तेच विचारलं, एकही प्रश्न सोडला नाही. पण त्या बोलल्या न, तर मले आवाज ओळखीचा वाटला. घरी गेल्यावर लक्षात आलं... धड्यात ह्याच शिकवत होत्या." मी तिला जवळ घेतलं. चूक तिची नव्हती. तिने शोभाचं बरोब्बर ऐकलं होतं.

मी हेलनबाईंना लिहिलं. त्यांचं फार मायेचं उत्तर आलं. पण प्रकल्प संपला, निधी संपला, माणसं पांगली. धडा वेबसाइटवर राहील, मात्र तो उघडून बदलण्याचा अधिकार आता कोणाकडेच नाही. म्हणजे शोभा तिथे बोलतच राहणार. स्वच्छ आवाजात, तिला नको होतं तेच.

आता तिचा तास माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या खाटेवर आडवी झाले. डोळे मिटले. म्हटलं, "कसंतरी होऊन राहिलं वं..." आणि गप्प राहिले. मान हलवत राहिले, नाही, नाही, नाही. पोरींची कुजबुज, चपलांचा आवाज, कोणी तरी मोबाइल काढला. मग त्यातून शोभाचाच आवाज आला... छातीत दुखणे, वेदना डाव्या हातात जाणे. पोरी धडा लावून यादी तपासत होत्या. मी डोळे उघडले नाहीत. तास संपल्याची घंटा झाली, तो एक प्रश्न न विचारताच एकेक करून त्या निघून गेल्या, आणि मी तशीच पडून राहिले.