बिब्बा लावलेली जर्मनची नाव

बायको गेल्याला वरीस होत आलं. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. मऊ होता, नखं साफ होती. लग्न होऊन आली तेव्हा असे हात नव्हते तिचे, म्हणून हे लिहितो.

तिचं माहेर बिब्बे फोडणारं. दगडावर बिब्बा ठेचायचा अन् आतली गोडंबी काढायची. गोडंबी लोकांच्या लाडवात जाते, टरफलातलं तेल फोडणारीच्या हातावर राहतं. कातडी काळी पडते, उतते, सोलते. माझ्या घरीही ती व्यापाऱ्याचे बिब्बे आणून तेच करी, कारण माझ्या मासोळ्यांवर घर चालत नव्हतं. आम्ही भोई, पैनगंगेच्या डोहात जाळं टाकणारे. पण आमचा लाकडी डोंगा एका टोकाला सडला होता. काठावरून टाकलेल्या जाळ्यात घरच्या कालवणापुरतं येई, मेहकरच्या बाजारात न्यायला काही उरत नसे. भाकर थापताना ती ओठ दाबून धरी. मी ठरवलं, हिचे बिब्बे बंद करायचे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठी लढाई नुकतीच संपली होती. गावच्या जमीनदारानं मिलिटरीच्या लिलावातून एक लहान नाव आणली, जर्मनची. अल्युमिनमला आम्ही जर्मन म्हणतो. बदकं मारायला तो तिच्यात बंदूक घेऊन उभा राहिला अन् बंदुकीसकट पाण्यात गेला. मग नाव विहिरीपाशी पडली. ढोरं तिच्यात पाणी पीत.

मी मागायला गेलो.

"तू नेली तं माह्या ढोरायनं पाणी कशात प्यावं बे?"

"मालक, माहा डोंगा घ्या. सडका भाग कापला का चांगली डोणी होते."

"बुडशील."

"मले पोहता येते, मालक."

तो म्हणाला, "ने."

पुढून मी, मागून बायको, अशी नाव डोक्यावर उपडी घेऊन आणली. बाप ओट्यावर बसला होता. म्हणाला, "आज्याचा डोंगा देऊन भाताचा गंज आणला. याच्यात मासोळ्या धरतं का शिजवतं बे?"

पहिल्या दिवशी म्हाताराच खरा ठरला. उन्हात नाव आरशासारखी चमके, वल्हं टेकलं की परातीसारखी वाजे. मासोळी डोहाच्या तळाशी जाऊन बसली. उभं राहावं तर नाव डुले. बसून जाळं टाकलं तर उघडतच नव्हतं, गोळा होऊन पडे. डोंगा गेला होता अन् घरात बिब्ब्याचं पोतं तसंच होतं.

बायकोनं नावेभोवती एक चक्कर मारली. "गाडीच्या आसाले बिब्ब्याचं तेल लावते, मंग हिले काऊन नाही? काळी करा."

तळात तिनं जुनी गोणपाटं शिवून अंथरली, आवाज मरावा म्हणून. मी बाभळीच्या फळ्या आणल्या, दोन तळाला उभ्या अन् एक बसायला आडवी. सुतार खिळा ठोकणार तर तिनं हातोडी धरली. "भोक पडलं तं कोण बुजवन? कल्हईवाला जर्मनले हात लावत नाही." मग फळ्या अंबाडीच्या दोरीनं आवळल्या. नावेला तेल लावलं, वाळवी लागू नये म्हणून फळ्यांनाही लावलं.

"राख टाकून पाहा," ती म्हणाली. "चिकटली तं ओलंच हाये."

मी बोट लावलं, कोरडं लागलं. पातळ धोतरावर आडव्या फळीवर बसून दिवसभर डोहात फिरलो. दुसऱ्या दिवशी ढुंगण उतलं. असं उतलं की पालथा पडून होतो. बायको खोबरं चावून लावत होती अन् हसत होती. हसता हसता म्हणाली, "आता समजलं, माहे हात कसे होत असन?"

 

पण घरात पीठ संपलं होतं, जावं तर लागलंच. बसता येत नव्हतं, म्हणून नावेत उभा राहिलो. पाय फाकवून एकेका फळीवर एकेक ठेवला, गुडघे सैल सोडले. फळ्यांच्या वजनानं नाव पाण्यात नीट बसली होती. डुलली, पण पाडलं नाही तिनं. जाळं फेकलं तर ताटासारखं गोल उघडलं. काळी नाव, गप नाव, मासोळीला कळलंच नाही. मरळ आली, वाम आली, टोपली भरली.

बापानं टोपलीत डोकावून पाहिलं. "गंज बरा हाये," म्हणाला.

बाजार चालू लागला. उरलेले बिब्बे बायकोनं व्यापाऱ्याला परत केले. फोडायचा दगड मात्र ठेवून घेतला, दोरी बांधून मला दिला अन् म्हणाली, "डोहात नाव थांबवाले घ्या. माह्या काही कामाचा नाही आता."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्या हाताला नवी कातडी आली होती.

जर्मन सडत नाही. नाव अजून आहे. दोऱ्या तेवढ्या कुजल्या. या आठवड्यात नवी अंबाडी वळून फळ्या आवळल्या. काल तेल लावलं. आज राख टाकून पाहिली, चिकटली. थांबतो आता. वाळली की तिचा दगड घेऊन डोहावर जाईन.